एक मासा, तीन मायक्रोस्कोप

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस अजून जन्माला यायचाय! भाजीवाला तराजू उचलतो तेव्हा सगळं गिऱ्हाईक काट्याकडे बघतं, मी त्याच्या कोपराकडे बघतो. शेजारी स्वतःहून हसला की मी आधी आमची पाण्याची टाकी भरलेली आहे का ते बघून येतो. बायको म्हणते, "आपल्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तुम्ही एकटे फोटोग्राफरच्या पिशवीकडे!" असेन बघत. पिशवी फारच फुगलेली होती.

तर असा मी, एका मोठ्या जीवशास्त्र संस्थेच्या तळघरात इमेजिंग केंद्राचा प्रमुख आहे. प्रत्येक लॅबने आपापले महागडे मायक्रोस्कोप घ्यायचे नाहीत. संस्थेने घ्यायचे, माझ्या ताब्यात द्यायचे आणि सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचे, अशी ती व्यवस्था. सार्वजनिक नळावर जी भांडणं होतात तीच आमच्याकडे होतात, फक्त डॉक्टरेट झालेल्या लोकांची होतात.

तळघरात शिरल्याशिरल्या माझ्या हस्ताक्षरातली पाटी दिसते : 'जितकं बघाल, तितकं विझवाल!' कारण आमच्याकडचे नमुने चमकणारे असतात. निळा प्रकाश टाकला की हिरवे चमकतात. पण त्याच प्रकाशाने ती चमक हळूहळू मरते, आणि मेली की मेली. म्हणून बघायचं झटपट आणि दिवा बंद करायचा. हे मी नव्या मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की ती मला पाठमोरा बघूनही दिवे बंद करतात.

पाटीच्या खाली आमचे 'आजोबा' बसतात. आजोबा म्हणजे केंद्रातला सगळ्यात जुना मायक्रोस्कोप. त्यांच्या दिव्यापुढे प्रकाश बारीक-मोठा करायची गोल पडदी आहे. तिची एक पाकळी वाकलीय, त्यामुळे प्रकाशाचा जो गोल पडतो त्याला एका बाजूने चावा घेतल्यासारखं दिसतं. सगळे त्याला 'चावलेलं बिस्किट' म्हणतात. ती पाकळी दुरुस्त करायची, करायची म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले.

या केंद्रासाठी लाइट-शीट मायक्रोस्कोप मंजूर झाला! साधा मायक्रोस्कोप वरून बदाबदा प्रकाश ओततो. एक थर बघायचा असला तरी सगळा नमुना भाजून निघतो. लाइट-शीट मात्र बाजूने प्रकाशाचा कागदासारखा पातळ पापुद्रा सरकवतो. जो थर बघायचा तेवढाच उजळतो, बाकीचा नमुना आरामात अंधारात. असे थर एकावर एक रचून अख्ख्या जीवाचं चित्र तयार करायचं, चारी बाजूंनी फिरवून बघायचं.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो मासेवाल्या बाईंना. या बाई आमच्या शास्त्रज्ञ. तांदळाच्या दाण्याहून लहान, काचेसारखी आरपार दिसणारी माशांची पिल्लं पाळतात. त्यांच्या रक्तवाहिन्या हिरव्या चमकतात, आणि हृदय तयार होताना त्या एकमेकींना कशा शोधतात हे बाईंना बघायचं होतं. जिवंत माशात, जन्मत असताना. आजोबांखाली ते शक्य नव्हतं. पिल्लू मलूल व्हायचं, चमक विझायची. दोन वर्षं बाई या यंत्राची वाट बघत होत्या.

फक्त एक अट होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निवड झाली नाही, तर मंजुरी रद्द! यंत्रासाठी रिकामी करून ठेवलेल्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला दुसरे लोक टपलेलेच होते.

तीन कंपन्यांनी आपापली यंत्रं दाखवायला आणली आणि तळघरातल्या तीन खोल्यांत मांडली. पहिल्या कंपनीचा माणूस सुटाबुटातला. दुसरीचा दाढीवाला. आणि तिसऱ्या कंपनीचा माणूस...

तिसरा माझा मेव्हणा! सख्खा! बायकोचा धाकटा भाऊ!

संचालक मॅडमनी मला बोलावून घेतलं. "ते तिसरे गृहस्थ तुमचे नातेवाईक आहेत म्हणे?"

"मॅडम, नातं घरी! तळघरात मी त्याला ओळखतसुद्धा नाही!"

"लोक बोलतील."

"बोलायला जागाच ठेवत नाही," मी छाती पुढे काढली. "एकच मासा, तीन यंत्रं! नमुना एक, कुलूप एक, किल्ली माझ्या खिशात. दूध का दूध, पानी का पानी!"

मासेवाल्या बाई म्हणाल्या, "सर, एकच कशाला? माझ्याकडे रोज ढिगाने पिल्लं निघतात. प्रत्येकाला ताजं देते ना."

"ताजं म्हणजे घोळ!" मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. "उद्या एकजण म्हणेल, त्याला चांगला मासा दिला, मला रडका दिला. मग?"

शेवटी बाईंनी औषधात ठेवून पक्का केलेला एक मासा जेलीत बसवून, काचेच्या बारीक नळीत बंद करून दिला. मी नळीवर खूण केली. पण नळीवरची खूण काय, कोणीही करील! मी आजोबांखाली डोकावून माशाची जन्मखूण हेरली. हृदयाशेजारची एक वाहिनी, घरी काहीतरी विसरून परत फिरलेल्या माणसासारखी, अर्ध्या वाटेतून मागे वळली होती. बस्स! आता कोणी मासा बदलला तर मी त्याला तिथेच पकडणार.

मंगळवारी सुटाबुटातल्याची पाळी. काय चित्र आलं म्हणता! अख्ख्या माशात हिरवी जाळी, कशी लखलखीत! मासेवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत संशय आला. इतकं चांगलं? पहिल्याच फटक्यात? आणि मघाशी मी चहा घ्यायला गेलो तेव्हा हा माणूस माशापाशी एकटा होता!

तडक नळी घेतली, आजोबांखाली ठेवली. खूण वर, नेहमी त्याच बाजूने. शिस्त म्हणजे शिस्त! पडदी अगदी बारीक केली, प्रकाश फक्त हृदयापाशी पडेल इतकी. उगीच सगळा मासा कशाला भाजा? वाहिनी होती तिथेच होती. मासा आमचाच. तरी पण वळण जरा जास्त डावीकडे नव्हतं ना? पुन्हा बघितलं. नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर दारात मेव्हणा! हातात संत्र्यांची पिशवी!

"ही काय आहे?" मी उंबऱ्यावरच आडवा.

"संत्री, भाऊजी."

"ते दिसतंय. कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? ताईला आवडतात."

"निवड होईपर्यंत या घरात एक सालसुद्धा येणार नाही! परत ने!"

आतून बायको आली. "अहो, माझा भाऊ आहे तो! लहानपणापासून मला संत्री आणून देतो."

"तेव्हा त्याला मायक्रोस्कोप विकायचा नव्हता!"

मेव्हणा बिचारा पिशवी घेऊन जिना उतरला. बायकोने रात्रभर तोंड भिंतीकडे केलं. प्रामाणिक माणसाच्या नशिबी भिंतच असते.

बुधवारी सकाळी येऊन बघतो तर केस पडलेला! म्हणजे काय, की मासा ठेवलेल्या कपाटाच्या फटीवर मी आदल्या दिवशी थुंकी लावून माझा एक केस चिकटवला होता. कोणी कपाट उघडलं की केस पडणार. हेरांची युक्ती आहे ही. आणि माझ्याकडे एक केस म्हणजे काही थोडी भांडवली गुंतवणूक नाही! तो केस जमिनीवर! वर एसी भर्र चालला होता, पण तेव्हा एसीकडे कोण बघतो?

तडक आजोबा! खूण वर, पडदी बारीक, दिवा चालू. वाहिनी होती, पण अंमळ फिकी वाटली. फिकी का? कोणी काय केलं? भिंगाला डोळा लावून मी विचार करत बसलो. सुटाबुटातल्याने मुद्दाम लेझर वाढवून मासा भाजला असेल? म्हणजे पुढच्या दोघांची चित्रं वाईट यावीत? तेवढ्यात बायकोचा फोन.

"तुम्ही काल जे केलंत ना, ते मी जन्मभर विसरणार नाही."

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"माझ्या आईला काय सांगू? जावयाने भावाला दारातून हाकललं?"

"सांग, लाच घेतली नाही म्हणून!"

"संत्री लाच असतात? मग परवा शेजाऱ्यांची पपई कशी खाल्लीत?"

पपईवरून माझ्या चुलत्यांवर गेलो, चुलत्यांवरून आमच्या साखरपुड्यावर. साखरपुड्यावर पोचलं की आमचं भांडण लवकर संपत नाही. फोन खाली ठेवला तेव्हा आजोबांचा दिवा चालूच होता. बंद केला. म्हटलं, ठीक आहे, जुना दिवा, त्यात दम असा कितीसा असणार?

दाढीवाल्याच्या यंत्रावर शेपूट छान, डोळे छान, पण हृदय अगदीच मिणमिणतं.

"तुमचा नमुना खराब आहे," दाढीवाला म्हणाला.

"नमुना नाही, तुमचं यंत्र आंधळं आहे!" दारातून सुटाबुटातला ओरडला. हा इथे काय करत होता?

"तुम्हीच जाळलात काल!"

"मी जाळला? आमच्या यंत्राने फुलपाखराचा पंखसुद्धा तापत नाही!"

दोघं एकमेकांच्या अंगावर. मी मधे पडून दोघांना बाहेर काढलं आणि मासा घेऊन पुन्हा आजोबांकडे. आता मला खात्रीच झाली होती, कोणीतरी माझ्या माशाला टप्प्याटप्प्याने मारतंय! त्या दिवशी मी माशाला दोनदा, तीनदा, कितीदा बघितलं ते विचारू नका. दारावर कोणाची सावली पडली की मी बघायचो. आणि दरवेळी मासा अधिकच फिका! माझं रक्त असं उसळायचं म्हणता! एवढा डोळ्यांत तेल घालून पहारा करतोय, आणि चोर माझ्या नाकावर टिच्चून काम करतोय!

गुरुवारी मेव्हण्याची पाळी.

"या, महोदय," मी कोरडेपणाने म्हणालो. "आपलं यंत्र चालू करावं."

"भाऊजी, महोदय काय..."

"इथे भाऊजी कोणी नाही!"

त्याने नळी बसवली. पडद्यावर थर सरकू लागले. शेपूट आलं, पोट आलं, आणि हृदयाच्या जागी भोक! काळंकुट्ट, गोल! मासेवाल्या बाईंच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं. मेव्हण्याने चित्र फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने पडदा चक्क बंद केला.

"सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जरा बाजूला येता का? एक खासगी बोलायचं होतं."

खासगी! ऐकलंत? "खासगी काही नाही! जे काय असेल ते उद्या निवडीच्या कमिटीसमोर!"

"कमिटीसमोर नको हो, भाऊजी. तुमच्याच भल्याचं आहे."

"माझं भलं बघायला मी समर्थ आहे!"

संध्याकाळी पुन्हा दारात हजर. पुन्हा तीच संत्री. "भाऊजी, हात जोडतो, फक्त एकदा ऐका." मी कानांत बोटं घातली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. काचेतून दिसत होतं, तो बहिणीला काहीतरी सांगतोय, हाताने गोल काढून दाखवतोय. तो गेल्यावर बायको बाल्कनीत आली.

"अहो, ऐकून घ्या त्याचं. खरंच."

"तूसुद्धा?"

"बरं. मग उद्या ऐका," असं म्हणून ती हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. लग्न झाल्यापासून ती तशी हसली की माझं काहीतरी नुकसान होतं.

शुक्रवारी सकाळी कमिटी बसली. मॅडम मधे, मासेवाल्या बाई शेजारी, समोर तिन्ही कंपन्यांची माणसं. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. उभा राहिलो, घसा खाकरला.

"मॅडम, या केंद्रात एक खून झालाय! एका निष्पाप माशाचं हृदय विझवलं गेलंय! हळूहळू, योजनापूर्वक, माझ्या कडेकोट पहाऱ्यातून! आणि गुन्हेगार," इथे मी तिघांवर बोट फिरवलं, "याच खोलीत आहे!"

सुटाबुटातला आणि दाढीवाला एकमेकांकडे बघायला लागले. मेव्हणा टेबलाकडे बघत होता.

"तिसऱ्या यंत्रावरचं चित्र दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"नको, मॅडम," मेव्हणा म्हणाला.

"दाखवा!" मी गरजलो. "लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवा!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं नातेवाइकाला ऑपरेशनला आत नेताना बघतात. मग चित्र लावलं.

"लाइट-शीटने नमुना जाळला असता तर बाजूने जळला असता, पापुद्र्यासारखा," तो हळूच म्हणाला. "हे तसं नाहीये. हे वरून खाली गेलंय, सरळ, विहिरीसारखं. म्हणजे तिघांपैकी कोणत्याच यंत्राने नाही. वरून प्रकाश टाकणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपने. पुष्कळ वेळा, एकाच बाजूने, एकाच जागी. फार शिस्तीचा माणूस असला पाहिजे."

"शाबास!" मी म्हणालो. "आता त्याचं नाव सांगा!"

 त्याने फक्त चित्र फिरवलं आणि विहिरीत वरून बघितलं.

गोल. अगदी सुबक गोल. आणि एका बाजूने चावा घेतलेला.

 मासेवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. हसू बोटांमधून बाहेर आलंच. "सर... हे तर चावलेलं बिस्किट! माझ्या प्रबंधात पानोपानी आहे हे!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. केस, फोन, पपई, साखरपुडा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्या दिव्याखाली मी आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलो, त्याच दिव्याखाली बसून मी चोर शोधत होतो! पहाऱ्यातच मासा मारला होता! सुटाबुटातल्याने आणि दाढीवाल्याने उठून एकमेकांना मिठी मारली.

"म्हणजे गुन्हेगार खरंच या खोलीत होता," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

पण मासेवाल्या बाईंचं हसू मावळलं होतं. "सर, आता तुलना कशी करायची? पहिल्याला चांगला मासा मिळाला, तिसऱ्याला भोक मिळालं. आणि संध्याकाळी मंजुरी जाणार. मी दोन वर्षं थांबलेय हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी कोणी मलाच जेलीत बसवलं असतं तर मी हू की चू केलं नसतं. "बाई," मी कसाबसा म्हणालो, "ती ताजी पिल्लं... आहेत का अजून?"

"ढिगाने!" त्या खुर्ची मागे ढकलून धावल्याच.

दुपारी तिन्ही यंत्रांवर एकाच वेळी तीन ताजी, जिवंत पिल्लं चढली. मी मदतीला पुढे झालो, तर बाई नम्रपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मॅडमनी कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. मी माझ्याच केंद्राच्या बाहेर, जिन्याच्या पायरीवर, माझ्याच पाटीकडे बघत बसलो. येणारी-जाणारी मुलं मला बघून दिवे बंद करत होती.

शेवटी बाई बाहेर आल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. "दिसलं, सर! दोन वाहिन्या आल्या, चाचपडल्या आणि जुळल्या! हृदय धडधडतंय, पिल्लू मजेत आहे! पहिल्याची चमक मधेच ओसरली, दुसऱ्याची त्याच्या थोडी नंतर. तिसऱ्याची अजून तशीच आहे!"

तिसऱ्याची! म्हणजे माझ्या मेव्हण्याची!  आत गेलो.

"मॅडम, यंत्र तेच चांगलं आहे, मी ते नाकारत नाही. पण मी शिफारस केली तर लोक म्हणतील, नात्याखातर केली."

मॅडमनी चष्मा काढला. "ज्या माणसाने भर कमिटीत तुमची अशी शोभा केली, त्याचं यंत्र तुम्ही नात्याखातर घेताय, असं कोण म्हणेल? करा सही!"

केली. बाहेर संध्याकाळ व्हायच्या आत मंजुरी पक्की झाली. खुर्च्यावाले हात हलवत गेले.

घरी आलो तर मेव्हणा सोफ्यावर आणि संत्री थेट टेबलावर. त्याने उठून माझे पाय धरले. "भाऊजी, माफ करा. मला तसं दाखवायचं नव्हतं."

"अरे, तू तर दोनदा सांगायला आलास," मी म्हणालो. "कानांत बोटं माझी होती." हे बोलताना माझा आवाज जरा घोगरा झाला. संत्र्याच्या वासाने झाला असेल.

बायकोने एक संत्रं सोलून माझ्या हातात फोड ठेवली. मी ती सवयीने उजेडाकडे धरली. आत काहीतरी काळपट दिसत होतं. बी होती का? की आणखी काही?

"अहो!" बायको ओरडली. "बघत बसू नका! तुमच्या बघण्याने मासे विझतात, त्या फोडीचं काय होईल! खा मुकाट्याने!"

मी डोळे मिटले आणि फोड तोंडात टाकली. गोड होती. खरं सांगू? जरा जास्तच गोड होती. पण मी काही बोललो नाही.